गिअरबॉक्सचे तेल : डब्यावरील आकडे व अक्षरे यांचा अर्थ

मोटारसायकलीच्या गिअरबॉक्ससाठी तेल निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकापुढे यंत्र उघडलेले नसते. त्याच्यापुढे असतो तो एक डबा आणि त्यावर छापलेली काही अक्षरे व आकडे. म्हणून हा प्रश्न बऱ्याच अंशी वाचनाचा, म्हणजे चिन्हांच्या अर्थनिर्णयाचा आहे. जालना जिल्ह्यात त्याला विशेष महत्त्व आहे. भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दुधाच्या कॅन, चाऱ्याचे भारे, खतांच्या गोण्या व मोसंबीचे क्रेट घेऊन पांदणीने जाणारी साधी मोटारसायकल हीच तेथील खरी कच्च्या वाटेवरची गाडी होय. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या गाडीचा गिअरबॉक्स ज्या कसोट्यांतून जातो, त्यांतील चढ, धूळ, चिखल व वारंवार क्लच दाबणे या सर्व तिच्याही वाट्याला येतात.

पहिला प्रश्न कोणते तेल घ्यावे हा नसून तेल कोठे जाणार आहे हा आहे. राजदूत, येझदी किंवा १९८५ साली आलेली आरएक्स १०० या गाड्यांची इंजिने दोन धावांची होती. अशा इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण खालच्या पेटीतून जात असल्यामुळे तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, आणि गिअरबॉक्सला स्वतःचे निराळे तेल लागते. उलट, १९८५ मध्येच आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या चार धावांच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर ही तिन्ही एकाच तेलावर चालतात. जुन्या बुलेटची रचना आणखी वेगळी होती. तिचा गिअरबॉक्स स्वतंत्र असून क्लच प्राथमिक साखळीच्या पेटीत बसविलेला असे. त्यामुळे गिअरबॉक्सचे तेल क्लचच्या पट्ट्यांपर्यंत जात नसे. मोटोक्रॉससाठी बांधलेल्या काही चार धावांच्या गाड्यांतही इंजिनाचे व गिअरचे तेल वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची पद्धत आढळते.

मराठी बोलीत या भेदाला पुरेसे शब्द नाहीत. स्वयंपाकातील वा डोक्याला लावावयाचे ते ‘तेल’, आणि यंत्रात घालावयाचे ते ‘ऑइल’, अशी विभागणी व्यवहारात सहज होऊन गेली. परंतु ‘ऑइल’ या एकाच शब्दाखाली पेट्रोलात जळण्यासाठी केलेले टू-टी, इंजिनाचे व गिअरचे अशी भिन्न कार्याची द्रव्ये एकत्र आली. टू-टी जळण्यासाठीच बनविलेले असते. दात्यांवरील दाब सहन करणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून ते गिअरबॉक्समध्ये घालणे चूक ठरते.

दुसरा घोटाळा आकड्यांचा आहे. ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्यामुळे ‘नव्वद नंबर’ हे नाव ग्रामीण भागातही परिचित झाले आहे. ज्याला ४० व ९० हे दोन आकडे दिसतात, तो साहजिकच असे समजतो की दुसरे तेल पहिल्याच्या दुप्पटीहून जाड आहे. वास्तविक हे आकडे दोन निराळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएई या संस्थेने, इंजिनाच्या तेलासाठी एक व गिअरच्या तेलासाठी दुसरी श्रेणी ठरविली. १०० अंश सेल्सियस तपमानावर मोजलेली श्यानता, म्हणजे वाहण्याला द्रवाचा होणारा आंतरिक विरोध, इंजिनाच्या ४० क्रमांकासाठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, आणि ५० क्रमांकासाठी १६.३ ते २१.९ इतकी असते. गिअरच्या ९० क्रमांकाची मर्यादा १३.५ ते १८.५ आहे. म्हणजे गिअरचे ९० हे इंजिनाच्या ४० व ५० यांच्याच आसपासचे तेल होय. दोन श्रेणींची गल्लत होऊ नये म्हणून गिअरला मोठे आकडे दिले गेले. दोन्ही डबे एकाच फळीवर आले, तेव्हा नेमकी तीच गल्लत झाली.

‘१० डब्ल्यू-३०’ या नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर वजनाचे नसून हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. १० डब्ल्यू या तेलाची परीक्षा उणे २५ अंशांवर, तर २० डब्ल्यूची उणे १५ अंशांवर घेतली जाते. जालन्याच्या हिवाळ्यात असे तपमान कधीच येत नाही; तेथे दोन्ही तेलांनी गाडी सुरू होईल. दुसरा आकडा मात्र तापलेल्या यंत्रातील जाडी सांगतो, आणि मे महिन्यात चाळीस अंशांवरच्या उन्हात, ओझे घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तोच महत्त्वाचा आहे. तेल चिमटीत धरून पारखण्याची रीत बैलगाडीच्या वंगणाला पुरेशी होती. कारण आखाचे वंगण हाताला लागेल तितपतच तापत असे. चिमटीतली परीक्षा हाताच्या उष्णतेवर होते, तर गिअरचे दाते त्याहून कितीतरी तापलेल्या तेलात फिरतात.

तिसरा आणि सर्वांत खर्चिक घोटाळा अक्षरांचा आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या पट्ट्या तेलातच बुडालेल्या असतात. येथे तेलाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात : दात्यांवरील घर्षण त्याने कमी करावे, पण क्लचच्या पट्ट्यांमधील घर्षण मात्र राखावे. मोटारींच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण घटविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती क्लचला अपायकारक ठरू शकतात. इंजिनाचा आवाज वाढतो, पण चढावर गाडी ओढत नाही. क्लच घसरतो आणि पट्ट्या जळतात. हा भेद दाखविण्यासाठी जपानच्या मोटारवाहन मानक संघटनेने १९९८ मध्ये ‘जासो एमए’ व ‘एमबी’ या खुणा ठरविल्या. २००६ मध्ये एमएचे एमए१ व एमए२ असे पोटभेद झाले. क्लच तेलात असेल तर एमए. एमबी हे मुख्यतः ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरांचे तेल होय.

‘जीएल-५’ ही खूण याच्या दुसऱ्या टोकाची आहे. जीप व मालमोटार यांच्या मागच्या आसातील तिरपे दाते एकमेकांवर घासत सरकतात. त्यांच्यासाठी या तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे भरपूर घातलेली असतात. मोटारसायकलीच्या गिअरचे दाते बहुधा सरळ असल्याने त्यांना एवढ्या संरक्षणाची गरज नसते. उलट पितळी वा कांस्याच्या भागांना ही संयुगे खाऊ शकतात. बोलीत ‘भारी’ हा शब्द वजनदार आणि उत्तम अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि त्यामुळे जे तेल जाड ते चांगले, असे अनुमान भाषेतच दडून बसते. प्रत्यक्षात वाजवीपेक्षा जाड तेलाने क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडखळतो आणि न्यूट्रल सापडत नाही.

योग्य क्रमांकाचे तेलही गिअरबॉक्समध्ये कायम त्याच क्रमांकाचे राहत नाही. तपमानाबरोबर जाडी फार बदलू नये म्हणून तेलात घातलेले लांब रेणू दात्यांत सापडून तुटतात व तेल पातळ होते. त्यात क्लचच्या पट्ट्यांची झीज व धातूचा कीस मिसळतो. पावसाळ्यात दुधना-पूर्णेच्या काठचे ओढे ओलांडताना, किंवा जोरदार फवाऱ्याने गाडी धुताना, हवेच्या नळीतून पाणी आत गेल्यास तेल दुधाळ होते. असे तेल मुदतीची वाट न पाहता काढून टाकावे.

यावरून निवडीचा क्रम निश्चित होतो. प्रथम गिअरबॉक्स स्वतंत्र आहे की इंजिनाशी जोडलेला, हे पाहावे. नंतर क्लच त्याच तेलात आहे काय, हे पाहावे. असल्यास एमए ही खूण असलेलाच डबा घ्यावा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच धरावा. पुस्तिकेने दोन आकड्यांची मुभा दिली असेल, तर ओझे व उन्हाळा यांसाठी त्यांतील दुसरा, म्हणजे तापलेल्या तेलाचा, आकडा मोठा असलेले तेल निवडावे. पुस्तिका हरवली असल्यास केवळ क्रमांक न विचारता गाडीचे नाव व सालही मिस्त्रीला सांगावे. कारण कोणत्या मोजपट्टीवरचा आकडा तिला लागू पडतो, हे तिच्या रचनेवरूनच ठरते.