मोक्षपट आणि प्रकाशाचें मेज

मोक्षपटाचा खेळ महाराष्ट्रास जुना आहे. परंपरा त्याचें जनकत्व श्रीज्ञानेश्वरांकडे देते. पट पसरला, कीं आजोबा आणि नातू समोरासमोर बसतात, हीच त्याची गोडी. रत्नागिरींतील अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेच्या प्रकल्पासाठीं हाच पट बोलका करावयाचें मनांत आणलें, तर तें अशक्य नाहीं.

बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठांत २००३ पासून ‘रिॲक्टेबल’ नांवाचें वाद्यमेज घडविण्यांत आलें. त्याच्या अर्धपारदर्शक पृष्ठावर ठोकळे ठेवले किंवा फिरविले, कीं स्वर बदलतात. प्रत्येक ठोकळ्याच्या बुडाशीं निराळें चिन्ह असतें. मेजाच्या पोटांतील कॅमेरा तें टिपतो, संगणक त्याची जागा ठरवितो आणि प्रोजेक्टर खालूनच चित्र उमटवितो. चिन्हें ओळखणारी आज्ञावली कर्त्यांनीं सर्वांस खुली ठेविली आहे. ठोकळ्यांच्या जागीं सोंगट्या मांडल्या, कीं मोक्षपटाचा पाया झाला.

बोटाचा स्पर्श ओळखण्याची एक सोपी युक्ति न्यूयॉर्क विद्यापीठांतील जेफ हान यांनीं २००५ मध्यें मांडली. ॲक्रिलिकच्या जाड तक्त्यांत कडेनें डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडला, तर तो आंतल्या आंत परावर्तित होत राहतो. बोट टेकलें, कीं तेवढ्याच जागीं तो खालीं निसटतो व कॅमेऱ्यास तेजस्वी ठिपका दिसतो.

पहिली अडचण सूर्याची. त्याच्या प्रकाशांतही अवरक्त किरण असतात. कोंकणांतील उघड्या खिडकीशीं मेज ठेविलें, तर कॅमेरा दिपून जातो. त्यास जाड पडदा हा उपाय आहे.

दुसरी अडचण माणसांची. संगणकाचा पडदा एकाकडेच तोंड करतो. मेजास चारही बाजू सारख्या. अक्षरें एकाच दिशेनें लिहिलीं, तर समोरच्यास तीं उलटीं दिसतात. शिवाय स्पर्श झाला हें कॅमेऱ्यास कळतें. बोट कोणाचें, हें कळत नाहीं. म्हणून अक्षरें थोडीं, चित्रें व रंग अधिक, आणि प्रत्येकाच्या सोंगटीस स्वतंत्र चिन्ह, अशी योजना हवी. ती साधली कीं नाहीं, हें परीक्षकांपेक्षां चार लहान मुलें लवकर सांगतात. कांहीं न शिकवितां तीं खेळूं लागलीं, म्हणजे प्रकल्प उतरला.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या हातीं नाहीं. मेज प्रकाशाचा साप दाखवील, फुत्कारही ऐकवील. परंतु लांकडी सोंगटी त्यास हलवितां येत नाहीं. ती खेळणाऱ्यानेंच प्रामाणिकपणें खालीं उतरवावयाची असते. विद्यार्थ्यानें ही उणीव मानूं नये. मोक्षपट मुळांत शिकवीत आला तो धडा हाच होय.