गिटारवाल्यांची रात्रपाळी

‘रॉक’ संगीताचे नाव निघाले की आपल्याकडील पांढरपेशा श्रोता कानांवर हात ठेवतो. त्याच्या मते हा निव्वळ गोंगाट. आणि गोंगाट करावयास काही शिकावे लागत नाही! हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही बीटल्स या इंग्रज चौकडीचे उदाहरण घेतले आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांची गोड गाणी जगभर गाजली. परंतु त्यांच्या दणदणीत गाण्यांचे मर्म जाणावयाचे असेल, तर त्यांच्या सुरुवातीच्या प्रत्यक्ष वादनाच्या ध्वनिमुद्रणांकडे वळले पाहिजे. तो जोर आला कोठून, तो फितीवर कसा उतरला, आणि उतरलेल्या त्या घामाचा मालक कोण, असे तीन प्रश्न ती आपल्यापुढे टाकतात.

प्रथम या संगीताचा सांगाडा पाहू. रॉक अँड रोल मुख्यतः अमेरिकेतील निग्रो समाजाच्या ब्लूज गाण्यांतून निघाले. त्यातील पुष्कळ गाणी बारा खंडांच्या आवर्तनावर उभी असतात. प्रत्येक खंडात चार मात्रा, आणि ड्रमचा जोरदार आघात पहिल्या मात्रेवर नव्हे, तर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. आपण सम गाठण्याची वाट पाहतो. हे लोक समेच्या पुढच्या मात्रेला धक्का देतात. त्या धक्क्यामुळेच ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागतो. सांगाडा असा सोपा आहे. कठीण आहे ते त्याला तासन् तास त्याच जोमाने चालते ठेवणे.

ही कला बीटल्स कोठे शिकले? इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरातून ते ऑगस्ट १९६० मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात गेले. त्या वेळी ते पाच होते. पीट बेस्ट ड्रम वाजवी व स्टुअर्ट सटक्लिफ बास गिटार. रिंगो स्टार त्यांच्यात आला तो १९६२ साली. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागात खलाशांची वर्दळ असे, आणि तेथील मद्यगृहांत गिऱ्हाईक टिकवून धरण्यासाठी संगीत लागे. कराराप्रमाणे दर माणशी रोज ३० मार्क मजुरी. वाजवावयाचे एरवी रोज साडेचार तास आणि शनिवारी व रविवारी सहा तास. राहण्याची सोय म्हणजे एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागची, संडासाशेजारची अंधारी खोली. हॅरिसनचे वय तेव्हा अवघे १७ वर्षांचे. रात्री उशिरापर्यंत अशा जागी काम करावयास तो कायद्याने लहान होता, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मन सरकारने त्याला परत पाठविले.

कारखान्यात रात्रपाळी केलेल्या माणसास या वेळापत्रकाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आपापल्या गावी ही मुले तासभर वाजवून घरी जात. येथे तेवढी गाणी पुरेनात. मग एकच गाणे लांबवावयाचे, दुसऱ्यांची गाणी उचलावयाची, आणि समोरची गर्दी उठून जाऊ लागली की आवाज व वेग वाढवावयाचा. मालक जर्मन भाषेत ओरडे, की नुसते उभे राहू नका, काही करून दाखवा. त्यांच्या गाण्यातला दणका या ओरडण्याखाली घडला. १९६० ते १९६२ या काळात त्यांनी हॅम्बुर्गच्या अशा पाच खेपा केल्या.

शेवटच्या खेपेत, डिसेंबर १९६२ मध्ये, तेथील स्टार-क्लबमध्ये त्यांचे वादन एका साध्या घरगुती टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाले. लिव्हरपूलचाच एक गायक टेड टेलर याच्याकडे ती फीत राहिली. एकच मायक्रोफोन, फितीचा वेग कमी, त्यामुळे आवाज चिरका व दूरचा येतो. शब्द कळत नाहीत, मधूनच प्रेक्षकांचे बोलणे ऐकू येते. एका गाण्यात तर क्लबचा वेटरच गायकाच्या जागी उभा आहे. तरी ‘लाँग टॉल सॅली’ किंवा ‘रोल ओव्हर बीथोव्हेन’ ही गाणी ऐकावीत. ठरल्यापेक्षा वेग चढा आहे, पण चौघांपैकी एकही मागे पडत नाही. बेफिकिरी आहे, परंतु ढिलाई नाही. पाळीवर पाळी करून हात बसल्यावाचून हे साधत नाही.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यांची पहिली मोठी तबकडी मुद्रित झाली. निर्माता जॉर्ज मार्टिन याचा विचार लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबातच प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण करावे असा होता. परंतु त्या तळघरातील आवाजाची रचना सोयीची नव्हती, म्हणून त्याने क्लबातलीच गाणी स्टुडिओत आणली. संगीतकारांच्या कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार मुद्रणाची पाळी तीन तासांची, आणि मजुरी दर पाळीस साडेसात पौंड. अशा तीन पाळ्यांत, एका दिवसात, दहा गाणी तयार झाली. सर्वांत शेवटी ठेवले होते ‘ट्विस्ट अँड शाउट’. लेननला सर्दी झालेली, दिवसभर गाऊन घसा बसलेला; तो दूध व खोकल्याच्या गोळ्या घेत होता. पहिल्याच प्रयत्नात गाणे उतरले. दुसरा प्रयत्न करून पाहिला, तर आवाजच शिल्लक नव्हता. आज जगभर वाजते ते हेच गाणे, आणि त्यातील फाटलेला स्वर नाटकी नसून थकलेल्या घशाचा आहे. या कंपनीशी झालेल्या पहिल्या करारात दोन गाण्यांच्या तबकडीमागे मानधन होते एक पेनी, आणि त्यात वाटेकरी चौघेही!

दुसरा साठा बीबीसीचा. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्स रेडिओच्या ५२ कार्यक्रमांत वाजले. ८८ निरनिराळी गाणी मिळून २७५ वादने झाली. रेडिओने एवढे काम त्यांना का द्यावे? कारण ब्रिटनमध्ये तबकड्या वाजविण्यास रोजच्या वेळेची मर्यादा होती. तबकड्यांनी वादकांचा रोजगार बुडू नये असा संगीतकारांच्या संघटनेचा आग्रह होता, आणि तबकडी-कंपन्यांशी झालेल्या करारातूनही ती मर्यादा टिकली होती. म्हणून बीबीसीला माणसे बोलावून वाजवून घ्यावे लागे. संघटना कलेच्या आड येतात, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की या ८८ पैकी ३६ गाणी बीटल्सनी त्या काळी तबकडीवर दिलीच नव्हती. ती आज ऐकावयास मिळतात याच्या मुळाशी हा नियम आहे. रेडिओने पुष्कळ फिती जपल्या नाहीत. काही वादने श्रोत्यांनी घरी टिपून ठेवली होती, त्यांचाही उपयोग करून १९९४ मध्ये निवडक संग्रह निघाला.

तिसरा साठा अमेरिकेतला. लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बाउल या खुल्या रंगमंचावर १९६४ व १९६५ साली कॅपिटल कंपनीने मुद्रण केले. साधने उत्तम होती, पण हजारो मुलींच्या किंकाळ्यांत वाद्ये बुडून गेली. वादकांना आपलाच आवाज ऐकविणारे ध्वनिवर्धक त्या काळी मंचावर नसत. रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणे कोठवर आले ते ओळखी. अशा स्थितीतही लय मोडत नाही, याचे श्रेय हॅम्बुर्गच्या रात्रींना द्यावे लागते. हे मुद्रण कंपनीने १९७७ साली बाहेर काढले. अखेर ऐकूच येत नसेल तर वाजवावयाचे कशाला, असे होऊन २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला. तोही त्यांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने साध्या कॅसेटवर टिपला. शेवटचे गाणे पुन्हा ‘लाँग टॉल सॅली’. ते संपण्यापूर्वीच फीत संपली.

दौरे थांबले तरी दणका थांबला नाही. १९६८ मधील ‘हेल्टर स्केल्टर’ हे त्यांचे सर्वांत कर्कश गाणे समजले जाते. ते मुद्दाम तसे केले आहे. गिटारचा आवाज यंत्राच्या मर्यादेपलीकडे रेटला की लहरींचे माथे छाटले जातात व स्वर खरखरीत होतो, त्याचाच हा उपयोग. अखेरीस रिंगो बोटांना फोड आल्याचे ओरडून सांगतो, आणि तेही तबकडीवर तसेच ठेवले आहे.

आता मालकीचा प्रश्न. स्टार-क्लबची ती फीत १९७७ साली एका कंपनीने तबकडी करून विकली. बीटल्सनी विरोध केला, पण तेव्हा यश आले नाही. लेननने तोंडी परवानगी दिली होती, असे टेलरचे म्हणणे होते. अखेर १९९८ साली हॅरिसनने लंडनच्या न्यायालयात साक्ष दिली. निकाल बीटल्सच्या बाजूने लागला आणि कंपनीला विक्री थांबवून मूळ फिती स्वाधीन कराव्या लागल्या. मध्ये २१ वर्षे गेली. जगातील सर्वांत श्रीमंत वादकांना जर एवढा काळ लागला, तर जत्रेत गाणाऱ्याचे काय?

आपल्याकडेही हा हक्क उशिरा आला. देव आनंद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नटाच्या अभिनयास तेव्हाच्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मिळत नाही असे ठरविले होते. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. १९९९ मध्ये त्याची मुदत २५ वरून ५० वर्षांवर गेली. २०१२ मध्ये व्यापारी वापराबद्दल मानधनाचा हक्कही जोडला गेला. कायद्यातील ‘कलावंत’ या शब्दात गायक-वादकांबरोबर डोंबारी, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूसही येतो. ही गोष्ट या मंडपात तरी सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात टेपरेकॉर्डर आहे. एखाद्या शाहिराचा किंवा भजनी मंडळाचा जिवंत कार्यक्रम टिपून ठेवणे हे पुण्याचेच काम होय; टेलरची फीत नसती तर हॅम्बुर्गच्या त्या रात्री आज कोणास ऐकू आल्या असत्या? मात्र टिपण्यापूर्वी गाणाऱ्यास विचारावे, आणि त्यातून पैसा उभा राहिला तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवावा. रात्रपाळी करणाऱ्याची हजेरी मांडली, तर त्याची मजुरीही मांडली पाहिजे.