हाताने दिलेले दोन फेरे

मारुती ८००, जुनी सॅन्ट्रो अशा गाड्यांच्या इंजिनाच्या एका बाजूला झाकण असतं आणि त्याच्या आत दातेरी रबरी पट्टा. हाच टायमिंग बेल्ट. खाली क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, ही सांगड तो राखतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. प्रीमियर पद्मिनीत हे काम साखळी करत असे. १९६२ साली बव्हेरियातल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत दातेरी पट्टा आणला आणि पुढे तो जगभर पसरला. आवाज कमी, वजन कमी, वंगणाची गरज नाही. बदल्यात एक अट मात्र आली: मुदत भरली की पट्टा बदलायचाच. सैल झालेली साखळी बहुधा खडखडून सांगते. पट्टा बऱ्याचदा काहीच न सांगता तुटतो. मग काही इंजिनं नुसती बंद पडतात, तर काहींत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

‘आमची गाडी फिरतेच कुठे?’ असं अनेकजण म्हणतात. पण रबर किलोमीटर मोजत नाही. इमारतीखाली उभ्या गाडीतही ते वयाने कडक होतं, आणि सीलमधून झिरपणारं ऑईल त्याला आणखी लवकर खातं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मुदती दिल्या असतील, तर जी आधी भरेल तीच धरायची. वरून पट्टा चांगला दिसतो, यावरही विसंबू नये. त्याची ताकद आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असते आणि ते झिजलेले डोळ्यांना दिसत नाहीत.

हे काम घरी करावं का? साध्या, एका कॅमशाफ्टच्या इंजिनावर जरूर करावं, असं माझं मत आहे. यात खरा जोर फक्त क्रँक पुलीचा बोल्ट सोडवताना लागतो. बाकी काम नजरेचं आणि धीराचं आहे. बॅटरीची तार काढायची, प्लग काढून इंजिन फिरवायला हलकं करायचं आणि जुना पट्टा उतरवण्याआधीच क्रँक आणि कॅम अशा दोन्ही पुल्यांवरच्या खुणा ठरल्या जागी आणायच्या. नवा पट्टा मुडपायचा नाही, त्याला तेलाचा हात लावायचा नाही. मेकॅनिक मंडळींचा आक्षेप असतो की एक दाता चुकला तरी इंजिनाचं वाटोळं. धोका खराच आहे: क्रँक पुलीला २० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे १८ अंश. पण ही चूक किल्ली फिरवण्याआधीच पकडता येते. पट्टा ताणून झाल्यावर क्रँकच्या बोल्टवर पाना लावायचा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या तर काम बरोबर. नाही आल्या तर पट्टा काढून पुन्हा बसवायचा. मध्येच काही अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं. तिथे जोर लावला तर व्हॉल्व्ह आपल्याच हाताने वाकेल. गॅरेजमध्ये घाईत हे दोन फेरे टाळले जाऊ शकतात. घरी घाई कोणाला आहे?

दोन कॅमशाफ्टची, खास कुलपी हत्यारं लागणारी इंजिनं मात्र जाणकाराकडेच न्यावीत. बोल्ट हलत नसेल तर स्टार्टरच्या झटक्याने तो सोडवण्याचा खेळ करू नये. पट्ट्याबरोबर त्याला ताण देणारा टेन्शनर बदलावा, गळणारं सीलही. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल, तर तो बदलण्याचा खर्च वाया जात नाही. पुढे पंप गळला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. आणि झाकण लावल्यावर त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून एक चिठ्ठी चिकटवा. ही गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याला ती नोंद लागणार आहे.