नऊ एकांचा डोंगर

जालन्यातल्या मस्तगडला येणाऱ्या टपालावर हा पिनकोड असतो: ४३१२०३. अंकांची बेरीज १३. तेरानं भागून पाहिलं, बाकी ६ उरली. पूर्ण भाग गेला असता तर ही ‘हर्षद’ संख्या ठरली असती. हर्षद म्हणजे हर्ष देणारी, स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती. हे नाव ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवणारे मास्तर. जग त्यांना ६१७४ या चार अंकी संख्येमुळे ओळखतं. मला मात्र त्यांच्या आवडीची एक सतरा अंकी संख्या जास्त भुरळ घालते.

चौकटीच्या वहीत ओळीनं नऊ एक मांडा: १११११११११. याला यानंच गुणा. पाढा लागत नाही. तीच ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहायची. वहीत जिना तयार होतो. आता उभ्या बेरजा करा. उजव्या टोकाला एकच १, शेजारी दोन, मग तीन. मधोमध नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात आणि तिथून पुन्हा उतरण लागते. उत्तर येतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

अशा संख्यांच्या कुळाला कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. कल्पना सुचली ते रेल्वे स्टेशन डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली! केवढी मोठी आहे ही संख्या? ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या घरात बसतो. परार्ध एकच पायरी वर.

तिच्या अंकांची बेरीज करा: ८१. भागा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही हर्षदही आहे! कारण त्या जिन्यातच आहे. नऊ ओळींत नऊ-नऊ, असे ८१ एक आपण लिहिले होते. बेरजेत कुठेच हातचा आला नाही, म्हणून त्यांतला एकही हरवला नाही; सगळे अंकांच्या बेरजेत जसेच्या तसे उतरले. आणि नऊ एकांच्या संख्येला ९ नं भाग जातो, तर तिच्या वर्गाला ८१ नं जाणारच.

मग दहा एक घेतले तर? मधल्या रांगेत दहा जमतात. शून्य लिहून हातचा १ डावीकडे जातो, तिथल्या नवाचेही दहा होतात, पुन्हा हातचा, आणि आठाचा नऊ होतो:

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढणीवरचा ८ नाहीसा झाला. जिन्यात १०० एक होते, पण अंकांची बेरीज भरते ८२. प्रत्येक हातच्यानं दहाच्या जागी एक ठेवला, म्हणजे नऊ नेले; दोन हातचे, अठरा गेले. आणि ही संख्या विषम, तिला ८२ नं भाग जाणार कसा?