आंतरजालावरील चाचपणी व तिला द्यावयाचा प्रतिसाद

पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाल्याची तक्रार २०२१ साली निगडी पोलिसांत नोंदविली गेली. अशा वार्तांनंतर भोसरी-चाकण परिसरातील कारखानदार आपल्या फायरवॉलची नोंदवही उघडतो. तीत अनोळखी पत्त्यांनी केलेल्या पोर्टांच्या चाचपणीच्या ओळीच ओळी आढळतात. त्यांपैकी कोणत्या ओळीने सावध व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते संभवतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केलेल्या 'झेडमॅप' या साधनामुळे, गिगाबिट वेगाच्या जोडणीवरील एकच संगणक यांतील सर्व सार्वजनिक पत्त्यांवर एखादे पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासू शकतो. तात्पर्य, दार ठोठावणारा बहुधा आपल्याच शोधात आलेला नसतो. असा प्रत्येक पत्ता रोखीत बसणे व्यर्थ होय. कारण पत्ता सहज बदलता येतो. उलट हल्ला करणे तर सर्वथा वर्ज्य. तो पत्ता पुष्कळदा एखाद्या निरपराध्याच्या बाधित संगणकाचा असतो.

म्हणून कोणी ठोठावले, यापेक्षा आतून उत्तर कोणी दिले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यंत्रनियंत्रकांसाठी १९७९ साली निघालेल्या मॉडबस या संकेतप्रणालीचे जालावरील रूप ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, आणि मूळ रचनेत विचारणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नाही. बंद पोर्टवरील हजार थापा केवळ नोंदवाव्यात. परंतु ५०२ वरून बाहेर गेलेले एकच उत्तर त्याच दिवशी ते पोर्ट बंद करण्यास पुरेसे कारण आहे.

यास दोन अपवाद संभवतात. एक, चाचपणी केवळ आपल्याच यंत्रणेवर रोखलेली व चिकाटीची असणे. महत्त्वाच्या यंत्रणांवरील अशा लक्ष्यित चाचपणीची वर्दी, ती ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत देण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे; नोंदी १८० दिवस जपण्याचेही. दुसरा, चाचपणी आपल्याच एखाद्या संगणकाकडून होणे. २०१७ सालचा 'वॉनाक्राय' ४४५ हे पोर्ट असेच चाचपीत आतल्या आत पसरला. असा संगणक तत्क्षणी जालापासून तोडावा, चौकशी त्यानंतर.

सारांश, प्रतिसादाचे माप थापांच्या संख्येवरून नव्हे, तर उघड्या दारांवरून ठरवावे. त्यासाठी आपली कोणती दारे बाहेरून उघडी दिसतात, याची सूची प्रत्येक कारखान्याने आधीच सिद्ध ठेवली पाहिजे.