वाऱ्याच्या हाती सुकाणू

पावसाळा संपला की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या यॉट मुंबई बंदरात पुन्हा पाण्यात उतरतात आणि मालकांनी मधल्या काळात खरेदी केलेल्या सामानाची परीक्षा सुरू होते. गेटवेसमोर उभ्या असलेल्या एका ३४ फुटी बोटीवर यंदा विंडवेन बसवले आहे. विजेशिवाय, नुसत्या वाऱ्यापाण्यावर सुकाणू सांभाळणारे हे यंत्र. मालकाला गोवा गाठायचा आहे. सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, माणसे दोनच. तासन्‌तास टिलर (सुकाणूचा दांडा) धरून बसण्यानेच ती आधी थकतील. म्हणून आधी दिवसभराची एक चाचणी-फेरी ठरली आणि मलाही बोलावणे आले.

दिवस निवडला बोटीच्या तांडेलाने (नाखव्याने). कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीला पावणेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते, मग दुपारी एकपर्यंत ओहोटी बोट बाहेर काढते आणि पुढची भरती घरी आणते. शिवाय नवमीला भांग असतो, पाण्याला उधाणाची ओढ नसते. जीपीएसवर वाट वाकडी उमटली, तर तो दोष प्रवाहाच्या माथी मारायला फारशी जागा उरत नाही.

यंत्र मागच्या टोकाला स्टीलच्या चौकटीत बसले आहे. वर प्लायवूडचे पातळ पाते, खाली पाण्यात सोडलेले दुसरे पाते. बोट ठरल्या दिशेने चालली असेल तोवर वरचे पाते वाऱ्याला धारेवर घेते. बोट जरा वळली, की वारा त्याच्या एका अंगावर बसतो आणि ते कलते. या कलण्याने एक दांडा हलतो आणि खालचे पाते किंचित पिळले जाते. तिरपे झालेले ते पाते वाहत्या पाण्याने बाजूला ढकलले जाते आणि त्याला बांधलेल्या दोन दोऱ्या कप्प्यांवरून येऊन टिलर ओढतात. वाऱ्याने फक्त दिशा सांगायची. जोर बोटीच्या वेगातून येतो.

बोट सोडण्याआधी तांडेलाने दोन्ही दोऱ्या हाताने ओढून पाहिल्या आणि मान हलवली. एकीत ढील होती. पाते झुलले तरी पहिले काही इंच ढील खेचण्यातच जाणार आणि टिलर जागचे हलणार नाही. दोरी पुन्हा ताणून बांधली. खालच्या पात्याच्या दांड्यात एक नळी मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, तीही त्याने निरखली. तरंगता ओंडका आपटला किंवा डोल जाळ्याचा दोर अडकला, तर ती तुटावी आणि बाकीचे यंत्र वाचावे, असा बेत. तुटलेले पाते वाहून जाऊ नये म्हणून त्याला वेगळी दोरी बांधली.

सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा ईशान्येकडून, सहा नॉटच्या आसपास, थेट पाठीवर. यंत्राला हीच दिशा सर्वांत अवघड. बोट तीन नॉटने वाऱ्याबरोबरच पळत असेल, तर पात्याला उरतो तीनच नॉट वारा. पाते आळसावले, बोट डावी-उजवीकडे भटकू लागली. अशा वेळी हाताने सुकाणू धरायचे किंवा लहानसा विजेचा ऑटोपायलट लावायचा, हे मालकाने वहीत लिहिले. कुलाब्याच्या टोकाबाहेरचे प्राँग्ज दीपगृह मागे पडेपर्यंत वारा पार पडला. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहत डबे उघडले गेले.

दीडनंतर वायव्येकडून वारा भरला आणि बघता बघता बारा नॉटवर गेला. नाळ पश्चिमेकडे, शिडे घट्ट, यंत्र जोडलेले. तरीही मागचा पांढरा पट्टा नागमोडी. बोट सारखी वाऱ्याकडे वळू पाहत होती, यंत्र तिला मागे खेचत होते आणि दर वेळी जरा जास्तच खेचत होते. मालकाचा हात यंत्राच्या स्क्रूकडे गेला. तांडेल म्हणाला, "शेठ, ते राहू द्या. आधी टिलर हातात धरून बघा."

हातात घेतल्यावर कारण कळले. टिलर जड होते. मोठे शीड बोटीची नाळ वाऱ्याकडे फिरवत होते. त्याला एक रीफ घेतला, म्हणजे ते थोडे गुंडाळून लहान केले, दोर थोडा सैल सोडला. टिलर दोन बोटांनी धरता येईल इतके हलके झाल्यावर यंत्र पुन्हा जोडले. स्क्रूला कुणी हात लावला नव्हता, तरी पट्टा सरळ झाला आणि वेगही जवळपास तेवढाच राहिला.

शिडांचा तोल किती दूर नेऊ शकतो, याचा पुरावा मुंबईतच बांधला गेला होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी 'सुहेली' इथल्या सागवानाच्या कामातून उभी राहिली. १९६८-६९मध्ये तिच्यावरून त्यांनी ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तोवर हे कुणीच केले नव्हते. त्यांचे स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले. पुढचा पॅसिफिक, केप हॉर्न आणि अख्खा अटलांटिक त्यांनी मुख्यतः शिडे तोलून पार केला.

परतताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विंडवेन होकायंत्र पाळत नाही, वाऱ्याशी धरलेला कोन पाळते. पश्चिम वाऱ्यात दक्षिणेला निघालेली बोट, वारा वायव्येला सरकला की गुपचूप नैर्ऋत्येला वळेल. रात्री मतलई सुरू झाल्यावर तर वाटच बदलेल. समोरची जाळी आणि जहाजे त्याला दिसत नाहीत, ते वेगळेच. म्हणजे गोव्याच्या वाटेवर टिलर धरणारा माणूस मोकळा होईल, पहारा देणारा नाही.

चार वाजता भरतीबरोबर आत येताना मालकाने कामांची यादी केली: रीफचा दोर कॉकपिटपर्यंत आणणे, मोठ्या शिडाच्या दोरावर खूण करणे, रात्री दर अर्ध्या तासाला होकायंत्र पाहणे. नव्या यंत्राच्या नावापुढे एकच काम होते, दोऱ्यांची ढील तपासत राहणे.