ओफीर आणि शूर्पारक : एका स्थलनिश्चितीचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके भीमा आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यात एकमेकांस लागून आहेत. प्राचीन हिब्रू धर्मग्रंथातील एखाद्या नगराच्या शोधात त्यांचा उल्लेख यावा, असे प्रथमदर्शनी काहीच कारण दिसत नाही. तथापि ओफीर या नगराच्या स्थलनिश्चितीचा प्रश्न विचारात घेतला, की हे दोन्ही तालुके निरनिराळ्या अंगांनी त्या प्रश्नाशी जोडलेले आढळतात. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचे निधन झाले ते हे कार्य सिद्धीस गेल्यानंतर, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले, आणि त्यातून ओफीरची कथा ज्या काळात घडते त्याच काळातील दख्खनचे जीवन उजेडात आले. एका गावी ग्रंथाची भाषा आहे, दुसऱ्या गावी त्या काळाची माती आहे. स्थलनिश्चितीस या दोहोंची साक्ष लागते.

भाषांतरकाराचे काम स्थलनामाचा ध्वनी स्वभाषेत आणला म्हणजे संपते. ते स्थान पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे होते, हे सांगण्याचे दायित्व त्याच्यावर नसते. संशोधकाचे काम तेथूनच सुरू होते. ओफीर म्हणजे वसईनजीकचे सोपारा, अर्थात संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक, हे मत एकोणिसाव्या शतकापासून वारंवार मांडले गेले असून महाराष्ट्रातील अनेक लोकप्रिय लेखनांत ते सिद्ध गोष्टीप्रमाणे दिले जाते. ते कितपत टिकते, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम मूळ ग्रंथातील उल्लेख. ‘राजे’ या पहिल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात असे सांगितले आहे, की शलमोन राजाने अदोम देशात तांबड्या समुद्राच्या तीरी एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधली, सोरच्या हिराम राजाने त्यांवर जाणते खलाशी पाठविले, आणि ते ओफीराहून ४२० किक्कार सोने घेऊन आले. एक किक्कार स्थूलमानाने ३४ किलोग्रॅम धरल्यास हे सोने चौदा टनांवर जाते. ‘इतिहास’ या दुसऱ्या ग्रंथात हाच आकडा ४५० आहे. अशा संख्यांत राजवैभवाची अतिशयोक्ती असणे संभवनीय आहे. दहाव्या अध्यायात ओफीराहून सोन्याबरोबर अलमुग लाकूड व रत्ने आल्याचे म्हटले आहे. पुढे त्याच अध्यायात तार्शीशी गलबते तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर व मोर आणीत, असा उल्लेख येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या शेवटच्या वचनात ओफीरचे नाव नाही. हिंदुस्थानच्या पक्षाचा मोठा आधार असलेले वानर व मोर हे ओफीरचेच होत, असे ग्रंथ स्वतः सांगत नाही. तो वाचकांनी काढलेला निष्कर्ष आहे.

ओफीर ही केवळ कविकल्पना नव्हती, याला स्वतंत्र पुरावा आहे. इस्राएलमधील तेल कासिले येथे सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका खापरावर ओफीरच्या सोन्याची तीस शेकेल अशी नोंद आहे. मात्र ‘ओफीरचे सोने’ हा तोपर्यंत सोन्याच्या प्रतीचा वाचक झाला होता, असेही या नोंदीवरून म्हणता येईल. तीवरून स्थान कळत नाही.

आता नामसाम्याचा विचार. मूळ हिब्रूत हे नाव ‘आलेफ’ या कंठमूलीय वर्णाने सुरू होते. त्यात सकार नाही. सकार आढळतो तो ग्रीक भाषांतरात. इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत मिसर देशात झालेल्या या भाषांतरात ‘सोफीर’, ‘सोफीरा’ अशी रूपे येतात. इ. स. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस याच परंपरेस अनुसरून ते स्थान हिंदुस्थानात असल्याचे सांगतो. कॉप्टिक भाषेत ‘सोफीर’ हा हिंदुस्थानवाचक शब्दच झाला, आणि जेरोमने ‘ईयोब’ ग्रंथातील एका स्थळी ओफीरऐवजी लॅटिनमध्ये सरळ ‘इंडिया’ असे घातले. म्हणजे ओफीर व सोपारा यांतील जे साम्य प्रथम कानावर पडते, ते मूळ नामाशी नसून सुमारे सहासातशे वर्षांनंतरच्या ग्रीक रूपाशी आहे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची कीर्ती मिसरी व्यापाऱ्यांच्या कानी गेली असेल आणि तिचा संस्कार या रूपावर झाला असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. पण तेवढ्याने शलमोनाच्या खलाशांचे बंदर सिद्ध होत नाही. भाषांतरकाराला ओफीर कोठे वाटले, इतकेच त्यातून सिद्ध होते.

उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. संस्कृत ‘शूर्पारक’, पाली ‘सुप्पारक’, नाणेघाट व कार्ले येथील लेखांतील ‘सोपारक’, नाशिकच्या उषवदाताच्या लेखातील ‘शोर्पारग’, ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातील ‘सूप्पारा’ आणि आजचे ‘सोपारा’ ही मालिका अखंड आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर आरंभीचा ऊष्म वर्ण कायम आहे आणि मधल्या अक्षरात दीर्घ ‘आ’ आहे. हिब्रू भाषेत श आणि स हे दोन्ही वर्ण असताना त्या भाषेच्या खलाशांनी वा लेखकांनी ऊष्म वर्ण गाळावा, आकाराचा ईकार करावा, याला कोणताही नियम दाखविता येत नाही. शिवाय ‘सोपारा’ या रूपातील ओकार आणि रेफाचा लोप हा प्राकृत अवस्थेचा परिणाम होय. इ. स. पू. दहाव्या शतकातील नामाची तुलना त्या काळाच्या अपेक्षित रूपाशी व्हावयास हवी, पुढील काळाच्या रूपाशी नव्हे. या कसोटीवर लासेन यांनी सुचविलेला ‘आभीर’ हा पर्याय आरंभीच्या स्वरामुळे वर्णदृष्ट्या थोडा जवळचा ठरतो. परंतु त्या नावाचे बंदर त्या काळी होते, याला आधार नाही.

वस्तुवाचक शब्दांचा पुरावाही असाच दुधारी आहे. मोरवाचक मानलेल्या ‘तुक्कीयीम’ या हिब्रू शब्दाचा संबंध तमिळ ‘तोगै’ (मोराचा पिसारा) याच्याशी कॉल्डवेल आदींनी जोडला, तो विचारार्ह आहे. पण काही अभ्यासक त्या शब्दाचा अर्थ मोर नसून वानराचीच एक जात असा करतात व त्याचे मूळ मिसरी भाषेत शोधतात. वानरवाचक ‘कोफ’ आणि संस्कृत ‘कपि’ यांचे साम्य प्रसिद्ध आहे, परंतु त्यासारखा शब्द मिसरी भाषेत शलमोनापूर्वी पुष्कळ आधीपासून आहे. अलमुग म्हणजे चंदन, असे एके काळी मानले जाई. पुढे उगारित येथील लेखांत व अक्कादी भाषेत तत्सदृश शब्द सीरियाकडील एका इमारती लाकडासाठी आढळले, आणि ‘इतिहास’ ग्रंथातही हे लाकूड लबानोनातून मागविल्याचा उल्लेख आहे. तेव्हा हा आधार बराच ढिला झाला.

आता मातीची साक्ष. शलमोनाची कारकीर्द सामान्यतः इ. स. पू. ९७० ते ९३० च्या सुमारास धरतात. इनामगावच्या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (इ. स. पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). म्हणजे एसयोन-गेबेरची जहाजे निघाली तेव्हा घोड नदीच्या काठी पूर्व जोर्वे संपून उत्तर जोर्वे सुरू झाले होते. पूर्वीची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येत होत्या. पर्जन्यमान घटल्याने शेती आक्रसत होती आणि लोक अधिकाधिक पशुपालनाकडे वळत होते, असे उत्खननकारांचे अनुमान आहे. लेखन नव्हते, नाणे नव्हते. ज्या पृष्ठदेशातून टनावारी सोने किनाऱ्याकडे जावे, त्याची ही लक्षणे नव्हेत. दख्खनच्या काळ्या पाषाणात सोन्याच्या खाणीही नाहीत. त्या कर्नाटकातील धारवाडी खडकांत, हुट्टी व कोलार येथे आहेत. सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये त्या परिसरात नवव्याचा. हा तेथील लेखी पुराव्याचा आरंभ असून तो शलमोनानंतर सुमारे सात शतकांनी येतो.

इनामगाव म्हणजे कोकण नव्हे, आणि पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे, हे येथे मान्य केले पाहिजे. सोपाऱ्याच्या गाळाखाली अधिक जुनी वस्ती उद्या सापडली, तर कालाचा आक्षेप सौम्य होईल. वर्णांचा आक्षेप मात्र तसाच राहील.

मग ओफीर कोठे? ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात ओफीर हा यक्तानाचा पुत्र म्हणून शबा व हवीला यांच्यामध्ये येतो. ही वंशावळी वस्तुतः देशांची यादी आहे, आणि शबा हा दक्षिण अरबस्तानातील प्रदेश आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकापासून निघणाऱ्या जहाजांना तो मार्गावरच पडतो. अरबस्तानात सोन्याच्या प्राचीन खाणी आहेत. म्हणून अरबस्तान किंवा त्याच्या समोरचा आफ्रिकेचा किनारा यांकडे आज बहुसंख्य अभ्यासकांचा कल आहे. मात्र निर्णायक शिलालेख तेथेही मिळालेला नाही.

यशस्वी स्थलनिश्चिती कशी असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ‘पेरिप्लस’मधील तगर हे नगर जुन्नर, दौलताबाद, कोल्हापूर अशा अनेक ठिकाणी कल्पिले गेले होते. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, असे दाखविले. तेथे नामाचा वर्णविकार नियमात बसतो, पैठणपासूनची दिशा व प्रवासाचे अंतर जुळते, आणि पुढे सापडलेल्या अवशेषांनी त्यास दुजोरा दिला. नाम, मार्ग आणि माती या तिन्ही साक्षी एकाच ठिकाणी मिळतात. ओफीर व शूर्पारक यांच्या बाबतीत नामाची साक्ष उसनी आहे, मार्गाची संदिग्ध आहे आणि मातीची अद्याप मिळालेली नाही.

शूर्पारकाच्या महत्त्वाला यामुळे काहीही उणेपणा येत नाही. अशोकाची धर्माज्ञा, सातवाहनकालीन दानलेख, ग्रीक नाविकांची नोंद आणि बौद्ध परंपरेतील उल्लेख एवढे वैभव ज्या बंदराच्या नावावर निर्विवाद जमा आहे, त्याला शलमोनाच्या सोन्याचे ऋण काढण्याची गरज नाही.